बिनपनिराचं लग्न

"मैडम, शादी है या तेरहवीं?" केटररनं विचारलं.

"शादी," मी म्हटलं.

"फिर पनीर क्यों नहीं?"

नोएडाच्या नव्या सेक्टरात त्याचं ऑफिस होतं. काचेचं दार, बर्फासारखा एसी, आणि टेबलावर मेन्यूची फाइल. ती फाइल एखाद्या लग्नाच्या अल्बमएवढी जाड होती. उघडावं त्या पानावर पनीर. शाही पनीर, कढाई पनीर, तंदूरमधलं पनीर, 'चायनीज' काउंटरवर मिरच्यांत लोळणारं पनीर. गोडाच्या पानावर तरी सुटका होईल म्हणून ते उलटलं, तर तिथे पनिराची जिलबी. मी फाइल मिटली. शेजारी आई बसली होती, तिनं ती पुन्हा उघडली.

माझं तेव्हाचं काम आधी सांगायला हवं, नाहीतर ही मुलगी स्वतःच्या लग्नात का भांडत होती ते कळायचं नाही. मी एका लहानशा पर्यावरण संस्थेत होते आणि पत्रकं लिहायचे. मेट्रोच्या दारात, कॉलेजांबाहेर, मॉलच्या पायऱ्यांवर उभं राहून ती वाटायचेही. एम.ए. वगैरे रीतसर केलं, पण लिहायला शिकले ती पत्रकांवर. एक कागद, एक मागणी, 'कृपया' हा शब्द नाही. कृपया लिहिलं की माणूस कागदाची घडी करून त्यात शेंगदाणे ठेवतो.

आहार आणि हवामान यावरचं पहिलं पत्रक आमच्याकडे बाहेरून तयार आलं होतं. 'आठवड्यातून एक दिवस मांस सोडा.' वर बशीभर मांसाचा रंगीत फोटो. ते मी दिल्लीतल्या आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत वाटलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "अगं, आम्ही सातही दिवस सोडलंय. आता काय बक्षीस देणार?" कँटोन्मेंटमध्ये आमच्या ओळखीचे एक सुभेदार होते, साताऱ्याकडचे. ते म्हणाले, "ताई, आमच्याकडं मटण महिन्यातनं एका रविवारी. ह्यातला एक दिवस सोडायचा म्हंजे नक्की काय करायचं ते सांगा." पत्रक लिहिणाऱ्याला हा देश माहीतच नव्हता. मी ऑफिसात जाऊन आदळआपट केली.

पण काकूंच्या त्या 'सातही दिवस'नंही माझं डोकं फिरलं होतं. शाकाहारी म्हणजे हात झटकून मोकळे? गाय काय, म्हैस काय, रवंथ करताना ढेकर देते आणि त्या ढेकरेतून मिथेन बाहेर पडतो. तो वातावरणात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवतो. म्हशीचं मांस खाल्लं काय किंवा तिच्या दुधाचं पनीर खाल्लं काय, ढेकर ती देणारच. आणि एक किलो पनिराला चार-पाच लिटर दूध आटतं. मी कुणा बाईच्या दारातल्या एका म्हशीबद्दल बोलत नाहीये, तिचं घर त्या म्हशीवर चालतं. मी बोलतेय ती एका लग्नात आठ तऱ्हांचं पनीर मांडणाऱ्यांबद्दल.

माझ्या लहानपणी आमच्या घरात पनीर नव्हतंच. दूध बूथवर टोकन टाकून आणायचं, ते चहाला आणि विरजणाला. शेजारच्या पंजाबी घरून कधीतरी वाटी यायची, तेव्हा आम्ही त्यातले चौकोनी तुकडे मोजून वाटून घ्यायचो. मग बाजार खुला झाला. नव्या वस्त्या, नवे मॉल, माणसापेक्षा उंच फ्रीज, आणि फ्रीजमध्ये पाकिटं. आमच्या मराठी घरांनी दिल्लीत काय केलं? पाहुणे आले की मटर पनीर करायला लागली आणि मटकीची उसळ ओट्याच्या कोपऱ्यात झाकून ठेवायला लागली. अक्षरशः झाकून. उसळ म्हणजे काय चोरीचा माल आहे?

त्यावर मी माझं स्वतःचं पत्रक लिहिलं. मथळा: 'शाकाहारी आहात? मग हे तुमच्यासाठीच आहे.' ऑफिसातले वरिष्ठ म्हणाले, "जरा प्रेमानं लिही." मी म्हटलं, प्रेम दुसऱ्या बाजूला छापू.

तर अशा या मुलीचं लग्न ठरलं, आणि ठरलं ते दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, द्वारकेतल्या पंजाबी घरात.

मुलगा भला. मेट्रोच्या ब्ल्यू लाइनीच्या या अंगाला आम्ही, त्या अंगाला ते, आणि आमचं जमलं ते मधल्या कुठल्यातरी स्टेशनवर, मी दिलेलं पत्रक त्यानं चक्क उभं राहून पूर्ण वाचलं म्हणून. त्याला मी स्पष्ट सांगितलं: लग्नात पनीर नाही, मलई नाही, बुफे नाही. पंगत बसवायची. बुफेत लोक बशीचा डोंगर करतात आणि अर्धा टाकतात, आणि तो टाकलेला डोंगर कुठे जातो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आमच्या गच्चीवरून गाझीपूरचा कचऱ्याचा डोंगर दिसतो. त्यात अन्न कुजतं आणि पुन्हा तोच मिथेन निघतो. वारा फिरला की आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा हवामानबदल कळतो.

तो म्हणाला, "यार, मुझे शादी तुझसे करनी है, पनीर से नहीं. लेकिन मम्मी को तू बताएगी."

"तू का नाही?"

"मुझे ज़िंदा रहना है."

त्याची मम्मी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. रविवार म्हणजे पनीर, हा त्यांच्या घरचा नियम. मी फोनवर सांगितलं की जेवण मराठी पद्धतीचं असेल. त्या म्हणाल्या, "बिल्कुल बेटा, अपना रिवाज करो." पनिराचं मी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं. त्या हसल्या. त्यांना वाटलं मी विनोद करतेय. दिल्लीत एखादी मुलगी बिनपनिराच्या लग्नाबद्दल गंभीरपणे बोलू शकते, हे त्यांच्या गणितात बसतच नव्हतं.

पण खरी लढाई घरात होती. आईशी.

आईचं स्वतःचं लग्न दिल्लीत रजिस्टर झालेलं. बाबांची सरकारी नोकरी नवी, रजा नाही, दोन्हीकडची चार माणसं, सही केली आणि समोसे खाल्ले. तिच्या आईला विहिणीची पंगत करायला मिळाली नाही, ही सल तिनं आजीकडून जशीच्या तशी घेतली होती. विहिणीची पंगत म्हणजे मुलाच्या आईला मानानं बसवायचं, पानाभोवती रांगोळी घालायची, गाणी म्हणायची, आपल्या हातानं घास भरवायचा. आणि ती मागेल ते द्यायचं. विहीण रुसली तर मुलीच्या संसारात तो रुसवा शिरतो असं आई धरून चालायची. तिला एकच मुलगी. म्हणजे आयुष्यात एकच विहीण, एकच पंगत.

"विहिणीला नाही म्हणायचं नसतं," आई म्हणाली. "आणि ती पंजाबी बाई पनीर मागणार. मागणारच. तेव्हा मी पानात काय वाढू? तुझं पत्रक?"

"नाही मागणार."

"मागितलं तर?"

"तर मी समजावीन."

"विहिणीला पंगतीत समजावतेस? मुंडावळ्या बांधून?"

बाबा पेपरामागून म्हणाले, "माइक लावू या का?"

घरात चार दिवस अबोला झाला. मग आईनं वाटाघाटी सुरू केल्या. श्रीखंड नको, ठीक, जिलबी करू. मठ्ठा नको, ठीक, सोलकढी करू. आईच्या बहिणीनं पुण्याहून कोकमं पाठवली. कडवे वालही तिनंच पाठवले, कारण डाळिंब्यांच्या उसळीशिवाय लग्न नाही, आणि दिल्लीत वाल मागितले तर दुकानदार राजमा दाखवतो. वालाला माझा पूर्ण पाठिंबा होता. कडधान्यं हवेतला नायट्रोजन मुळांशी धरतात, त्यांना युरियाची पोती लागत नाहीत, आणि वाल ढेकर देत नाही.

"देत नाही, देववतो," बाबा म्हणाले.

तुपावर मात्र आई अडली. "वरणभातावर तूप नाही वाढलं तर ते जेवण नव्हे, रेशन."

"तूप दुधाचंच असतं, आई."

"अन्नशुद्धी करायची असते गं. पान तुपानं शुद्ध होतं."

"अन्नशुद्धीला किती लागतं?"

आईनं तुपाच्या बरणीकडे पाहिलं. मग नाइलाजानं म्हणाली, "थेंब."

"थेंब चालेल. वाटी नाही."

"आणि भाताबद्दल एक शब्द काढलास तर मी मांडवात येणार नाही."

भाताच्या खाचरांतूनही मिथेन निघतो. माझ्याकडे त्याचं वेगळं पत्रक होतं. ते मी पर्समध्येच ठेवलं.

केटररनं जिलबी आणि पुऱ्या घेतल्या, बाकीचं आमच्या ओळखीच्या मराठी आचाऱ्यानं. पण वाल सोलायला आचारी तयार होईना. मोड आलेला वाल कोमट पाण्यात टाकायचा आणि एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढायचा. दोन्हीकडचं वऱ्हाड जेवणार, म्हणजे दाण्यांचा हिशोबच नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या हॉलमध्ये जुने पेपर अंथरून घमेली मांडली. काकू आल्या, बिल्डिंगमधल्या आणखी बायका आल्या. अर्ध्या तासात काकूंची कंबर धरली.

"काय गं," त्या मला म्हणाल्या, "तुझ्या पत्रकात सोलणाऱ्यांबद्दल काही लिहिलंयस का? का हे आपोआप सोलतात?"

लिहिलं नव्हतं. त्यांचं बरोबर होतं. पृथ्वी वाचवायचं काम पुन्हा बायकांच्याच चिमटीत येणार असेल तर ते मला मान्य नव्हतं. मी उठले, बाबांचा पेपर काढून घेतला आणि त्यांना घमेल्यासमोर बसवलं. मग द्वारकेला फोन केला.

नवरदेव मेट्रोनं आला. आई हबकली. "अगं, जावई उद्या पाटावर बसायचा, त्याला आज वाल सोलायला?"

"आंटी, मैं खाली बैठा हूँ," तो हिंदी अर्थानं म्हणाला, रिकामा, आणि मराठी अर्थानं खाली बसला. पहिला दाणा त्यानं असा दाबला की तो सुटला तो थेट बाबांच्या चहात.

"नेम चांगलाय," बाबा म्हणाले. "फौजेत का गेला नाहीत?"

संध्याकाळपर्यंत त्याची बोटं सुरकुतली होती आणि तो काकूंशी वेगाची शर्यत लावत होता. काकू त्याला मराठी शिव्या शिकवत होत्या, सौम्य पाहून. जाताना त्यानं बाबांना नमस्कार केला आणि दाराशी मला म्हणाला, "मटर इससे आसान होते हैं."

"मटार कधी सोललेस?"

"नहीं. सुना है."

लग्न लागलं. सनईची सीडी, त्यांच्याकडचा ढोल, दोन्ही एकदमच. मग पंगत. पत्रावळी मांडल्या, मीठ, लिंबू, डावीकडे चटणी, कोशिंबीर, थोडं लोणचं, मध्ये वरणभाताची इवलीशी मूद आणि वर तुपाचा करारातला थेंब. आणि इथे घोटाळा झाला. त्यांच्याकडे भात येतो तो शेवटी. आमच्याकडे पहिला. वऱ्हाडी मंडळी पानाकडे बघत राहिली.

"चावल आ गए?" नवऱ्याचे मामा दबक्या आवाजात म्हणाले. "मतलब रोटी खतम?"

"और ये ज़रा-ज़रा सा क्या है?"

"लगता है सैंपल है."

एका काकांनी टेबलाखाली मोबाइल धरून ड्रायव्हरला बाहेर कुठे ढाबा आहे का ते बघायला सांगितलं. मी हे सगळं वरच्या स्टेजवरून बघत होते आणि मला हात हलवता येत नव्हते, हातात भेटीचे गुच्छ होते. जिलबीच्या कढईपाशी केटरर उभा होता. त्यानं माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तेरहवीं.

मग पुऱ्या आल्या. भरली वांगी आली, बटाट्याची भाजी, मसालेभात, गरम जिलबी, आणि पातेली भरभरून डाळिंब्या. वाढपी पुन्हा पुन्हा येत राहिले. मामांनी हात जोडून दया मागायला सुरुवात केली तेव्हा बाबा आग्रहाला उभे राहिले, मी लांबूनच ओरडले, "बाबा, टाकायला लावू नका!" ढाब्याचा पत्ता घेऊन ड्रायव्हर परत आला, त्यालाही पंगतीत बसवलं. सोलकढीचा मात्र सगळ्यांनी गुलाबी लस्सी समजून मोठा घोट घेतला. लसूण आणि हिरवी मिरची घशात पोचल्यावर त्या रांगेत जे चेहरे झाले, त्यांचा फोटो आमच्या अल्बममध्ये आहे. मामांनी मात्र दुसरा पेला मागितला.

शेवटी विहिणीची पंगत.

सासूबाईंना आईनं स्वतः हाताला धरून आणलं. चौरंग, चांदीचं ताट, भोवती रांगोळी, काकूंनी गाणं धरलेलं. आईचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. किती वर्षं तिनं हे मनात मांडून ठेवलं होतं. तिनं पदर खोचला आणि आपल्या पुणेरी हिंदीत म्हणाली, "समधन जी, आज जो चाहिए माँगिए. हमारे में विहीण को कोई ना नहीं बोलता."

मी मागून तिचा पदर ओढला. उशीर झाला होता.

सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं. एकदा पूर्ण फिरून पाहिलं, पेपर तपासतात तसं.

"कुछ भी?"

"कुछ भी."

"तो बहनजी, थोड़ा पनीर."

त्यात चेष्टा नव्हती. टोमणाही नव्हता. बाईला खरंच पनीर हवं होतं. मुलाच्या लग्नाचं जेवण त्यांच्यासाठी त्याशिवाय पुरं होत नव्हतं, आणि आताच तर माग म्हणून सांगितलं होतं.

काकूंचं गाणं ओळीच्या मध्येच थांबलं. बाबांनी पंख्याकडे बघायला सुरुवात केली. केटरर लगबगीनं पुढे आला, "आंटीजी, अभी मंगवा दूँ? गाड़ी खड़ी है." माझ्या ओठांवर पत्रकाचं पहिलं वाक्य तयार होतं, आणि ते बोलले असते तर आईची पंगत तिथेच उठली असती हे मला समोर दिसत होतं. न बोलले असते तर माझा शब्द. मी आईकडे पाहिलं. आईनं माझ्याकडे पाहिलं, शालू, मुंडावळ्या, आवळलेले ओठ, सगळं.

"नहीं," आई म्हणाली.

केटररला वाटलं त्यानं नीट ऐकलं नाही.

"बाकी जो माँगेंगी वो दूँगी," आई सासूबाईंना म्हणाली. "पनीर नहीं. लड़की ने मना किया है. और लड़की आज से आपकी है. तो वो मना भी अब आपके घर का है."

सासूबाई आईकडे बघत राहिल्या. मला वाटतं, त्यांच्या वर्गात इतक्या वर्षांत असं उत्तर कुणी दिलं नसावं. आईनं तेवढ्यात डाळिंब्यांचा घास केला आणि त्यांच्या तोंडापुढे धरला. पंगतीचा नियम होता, तोंड उघडावंच लागलं.

त्यांनी सावकाश चावून खाल्लं.

"ये है क्या?"

"वाल. आपके बेटे ने छीले हैं."

"किसने?"

"बेटे ने. कल. हमारे घर नीचे बैठ के."

सासूबाईंची मान माझ्या नवऱ्याकडे वळली. "तूने? घर में तो तू केला भी छिलवा के खाता है!"

त्यानं पुरावा म्हणून सुरकुतलेली बोटं वर केली. आधी मामा हसले, मग सगळा मांडव. सासूबाई नाही हसल्या. त्यांनी ताट पुढे सरकवलं आणि शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तो बहनजी, मैंने माँग लिया. जितना इसने छीला है, सारा यहीं डालो. हक़ है मेरा."

आईनं वाढलं. पुन्हा वाढलं. काकूंनी सोडलेली ओळ तिथूनच उचलली.

पंगती उठल्यावर मी पत्रावळी बघत फिरले, शालूतच. टाकलेलं फार थोडं होतं. सगळ्या लग्नाचा कचरा एका हातगाडीत मावला. सोलकढीचे काही अर्धे पेले होते, ते समजून घेतले. केटरर जिलबीचा झारा पुसत म्हणाला, "मैडम, ये वाल वाली चीज़ का रेट क्या लगाऊँ, अगर कोई पूछे तो?" मी त्याच्या हातात पत्रक दिलं. आई मला कोपऱ्यात घेऊन पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "रुसली नाही ना गं?"

सासूबाईंनी पनीर सोडलं का? नाही. रविवार अजून पनिराचा आहे आणि तो माझ्याकडे बघून, मिटक्या मारत साजरा होतो. "मेरी बहू पनीर की दुश्मन है," असं त्या लिफ्टमध्ये अनोळखी माणसांनाही सांगतात. पण पूर्वी पनीर किंवा मलई रोज या ना त्या भाजीत असायची, ती आता रविवारपुरती उरली. मधल्या दिवसांत मूग असतो, चवळी असते, लोबिया की चवळी यावरून वाद असतो. भाजीवरच्या तुपाला आमच्या घरात आता एकच माप आहे आणि पंजाबी बाईच्या तोंडी एकच मराठी शब्द, 'थेंब'. माझ्यासाठी हे पुरेसं आहे असं मी कुठल्याही पत्रकात छापणार नाही. पण आहे.

लग्नानंतर काही महिन्यांनी मी मयूर विहारला आईकडे गेले होते. फोन वाजला. द्वारकेहून सासूबाई, आणि मला नाही, आईला हवं होतं.

"बहनजी, वाल भिगोए थे. पूँछ निकल आई है. अब?"

"अब गरम पानी में डालिए," आई म्हणाली. "और छीलिए."

पलीकडे बहुतेक त्यांनी घमेल्याकडे पाहिलं असावं. मग फोनमधून तो शेवटच्या बाकापर्यंतचा आवाज आला, पण आमच्यासाठी नव्हे.

"ओए! टीवी बंद कर, इधर आ. बैठ नीचे."